घरच्यांची शेअरखरेदी



नवख्या गावात खानावळ निवडायची असली म्हणजे जाणता माणूस एक साधी परीक्षा लावतो. खानावळीचा मालक स्वतः तेथे जेवतो की त्याचा डबा घरून येतो, हे तो पाहतो. दारावरच्या पाटीपेक्षा ही परीक्षा पुष्कळदा अधिक खरी ठरते. शेअरबाजारातही अशीच एक परीक्षा रूढ आहे. कंपनी चालवणारी माणसे, म्हणजे तिचे प्रवर्तक, संचालक आणि वरिष्ठ अधिकारी, त्याच कंपनीचे शेअर बाजारातून विकत घेऊ लागली, की बाहेरच्या माणसाला वाटते, ज्या अर्थी घरचेच घेत आहेत त्या अर्थी माल चांगला असला पाहिजे.

हा तर्क अगदीच चुकीचा नाही. पण तो पुरताही नाही. आणि तो अपुरा राहिला तर त्याची किंमत मोजावी लागते ती बहुधा आपल्यासारख्या मध्यम स्थितीतल्या माणसांना. शेअर घेण्यासाठी दलालाच्या पेढीची पायरी चढण्याची आता गरज उरलेली नाही; ते काम हातातल्या फोनवर होते. त्यामुळे निवृत्तीच्या वेळी हाती आलेला प्रॉव्हिडंट फंड किंवा मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम 'प्रमोटर घेताहेत' एवढ्या एका वाक्यावर एखाद्या लहानशा कंपनीत जाऊन पडते. तेव्हा या वाक्यात अर्थ किती आणि पोकळपणा किती, याचा विचार आज करावयाचा आहे.

दोन निराळ्या गोष्टी

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'कंपनीने स्वतःचे शेअर घेतले' आणि 'कंपनीच्या चालकांनी स्वतःचे शेअर घेतले' ही दोन वाक्ये कानाला सारखीच लागतात. त्यांचा अर्थ मात्र फार वेगळा आहे. पहिल्या व्यवहारात पैसा कंपनीच्या गंगाजळीतून जातो. ती गंगाजळी सर्व भागधारकांची असते. दुसऱ्या व्यवहारात पैसा चालकाच्या स्वतःच्या खिशातून जातो. पहिल्याला पुनर्खरेदी किंवा बाजाराच्या भाषेत 'बायबॅक' म्हणतात. दुसरी केवळ एका माणसाची खरेदी. फक्त तो माणूस आतला आहे एवढेच.

पुनर्खरेदीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये फ्लॅनेलचे कापड काढणारी जेम्स स्कोफील्ड अँड सन्स नावाची कंपनी होती. व्हिटवर्थ नावाच्या मृत भागधारकाच्या वारसव्यवस्थापकांकडून तिने त्याचे शेअर विकत घेतले, पण सर्व रक्कम चुकती होण्यापूर्वीच कंपनीचे दिवाळे वाजले. उरलेल्या रकमेसाठी दावा झाला. १८८७ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने निर्णय दिला, की कंपनीला स्वतःचे शेअर विकत घेण्याचा अधिकारच नाही. कारण उघड होते. कंपनीला कर्ज देणारा सावकार तिच्या भागभांडवलावर विसंबून कर्ज देतो. ते भांडवल मागच्या दाराने भागधारकांना परत दिले तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? आपल्या १९५६ च्या कंपनी कायद्यानेही ७७ व्या कलमात हीच बंदी ठेवली होती. ती उठली ती १९९८ च्या वटहुकुमाने आणि त्यामागून झालेल्या १९९९ च्या दुरुस्तीने. तीही अटी घालून. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ६८ व्या कलमात त्या अटी आहेत. भरणा झालेले भांडवल आणि मुक्त गंगाजळी यांच्या पंचवीस टक्क्यांपलीकडे पुनर्खरेदी करता येत नाही, खरेदीनंतर कर्ज भांडवल व गंगाजळीच्या दुपटीहून अधिक असता कामा नये, आणि विकत घेतलेले शेअर रद्द करून नाहीसे करावे लागतात.

आता या रद्द करण्यात एक गंमत आहे. समजा, एका कंपनीचे एक कोटी शेअर आहेत आणि त्यांपैकी पन्नास लाख प्रवर्तकांकडे आहेत. म्हणजे त्यांचा वाटा पन्नास टक्के. कंपनीने दहा लाख शेअर परत घेतले आणि प्रवर्तकांनी आपला एकही शेअर दिला नाही. शिल्लक राहिले नव्वद लाख. त्यांत प्रवर्तकांचे पन्नास लाख. वाटा झाला साडेपंचावन्न टक्के. खिशातून एक पै न काढता कंपनीवरची पकड घट्ट झाली. यात बेकायदा काही नाही, आणि शेअरची किंमत खरोखरच कमी असेल तर मागे राहिलेल्या सर्वच भागधारकांचा यात फायदा असतो. परंतु चालकांनी कंपनीबद्दल विश्वास दाखवला असे जेव्हा पुनर्खरेदीच्या वेळी म्हटले जाते, तेव्हा हा विश्वास हलवायाच्या घरावरचे तुळशीपत्र तर नाही ना, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. पदरमोड करून दाखवलेला विश्वास निराळा आणि सर्वांच्या पैशाने दाखवलेला निराळा. आजचा आपला मुख्य विषय पदरमोडीचा आहे.

घरच्या माणसावर पहारा कशासाठी

घरच्या माणसाला आपल्या कंपनीची जी माहिती असते ती बाहेरच्याला नसते. कारखान्यात मागणी किती आली, कोणते कर्ज थकले, कोणता मोठा गिऱ्हाईक तुटला, हे त्याला आपल्याआधी कळते. ही माहिती हाती ठेवून तो बाजारात उतरला तर त्याच्याशी व्यवहार करणारा माणूस डोळे बांधून पत्ते खेळतो आहे असे होईल.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १९२९ च्या मंदीत आल्बर्ट विगिन हा चेस नॅशनल बँकेचा प्रमुख होता. त्याने आपल्याच बँकेच्या शेअरमध्ये मंदीचा व्यवहार केला, म्हणजे भाव पडला की फायदा होईल अशी विक्री केली, आणि चाळीस लाख डॉलरच्या आसपास नफा मिळवला. १९३३ साली सिनेटच्या समितीपुढे हे उघड झाले तेव्हा लोक थक्क झाले. १९३४ च्या कायद्याच्या सोळाव्या कलमाने संचालक, अधिकारी आणि दहा टक्क्यांहून अधिक वाटा असलेले भागधारक यांना आपले व्यवहार जाहीर करणे भाग पाडले, सहा महिन्यांच्या आत घेऊन विकल्यास होणारा नफा कंपनीला परत देण्यास लावले, आणि स्वतःच्या कंपनीत मंदीचा व्यवहार करण्यास बंदी घातली.

आपल्याकडेही हा प्रश्न स्वातंत्र्याबरोबरच पुढे आला. शेअरबाजारांच्या नियंत्रणाबाबत थॉमस समितीने १९४८ साली याकडे लक्ष वेधले, आणि १९५६ च्या कंपनी कायद्यात ३०७ व ३०८ या कलमांनी संचालकांच्या शेअरांची नोंदवही ठेवणे आवश्यक केले. पण नोंदवही ठेवणे निराळे आणि गैरवापराला शिक्षा होणे निराळे. ते साध्य करण्यासाठी १९९२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सेबीला, म्हणजे भांडवलबाजाराच्या नियामक मंडळाला, कायद्याने अधिकार मिळाले आणि आतल्या माहितीवर होणाऱ्या व्यवहारांविरुद्ध पहिली नियमावली निघाली.

ती नियमावली किती कठीण कसोटीला लागणार होती हे लवकरच दिसले. मार्च १९९६ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने युनिट ट्रस्टकडून ब्रुक बाँड लिप्टन इंडियाचे आठ लाख शेअर, दर शेअरला ३५० रुपये ३५ पैसे या भावाने घेतले. दोन्ही कंपन्या युनिलिव्हर या एकाच कुळातल्या. थोड्याच आठवड्यांत त्यांच्या एकत्रीकरणाची घोषणा झाली. सेबीने मार्च १९९८ मध्ये हा आतल्या माहितीवरचा व्यवहार ठरवून युनिट ट्रस्टला सुमारे तीन कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. अपिलात मात्र त्याच वर्षी हा आदेश रद्द झाला. एकत्रीकरणाची चर्चा वर्तमानपत्रांतून आधीच चालू होती, हे त्यातले एक महत्त्वाचे कारण होते. आतली माहिती नेमकी कशाला म्हणायची, हा प्रश्न या खटल्याने सर्वांसमोर उभा केला. पुढे नियमांत दुरुस्त्या होत गेल्या आणि २०१५ साली नवी नियमावली आली.

या नियमावलीचा सामान्य माणसाला समजण्यासारखा गाभा असा. चालकांनी शेअर घेण्यास बंदी नाही. न जाहीर झालेली महत्त्वाची माहिती हाती असताना घेण्यास बंदी आहे. तिमाही संपली की निकाल जाहीर होऊन अठ्ठेचाळीस तास होईपर्यंत त्यांच्यासाठी खरेदीविक्रीची खिडकी बंद असते. आज घेतलेला शेअर सहा महिन्यांच्या आत विकता येत नाही. आणि एका तिमाहीत दहा लाख रुपयांहून अधिक उलाढाल झाली तर तिची माहिती दोन कामकाजाच्या दिवसांत कंपनीला, व कंपनीकडून आणखी दोन दिवसांत शेअरबाजाराला कळवावी लागते. ही माहिती शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येते. 'आतल्या गोटातली बातमी' म्हणून जी पैसे घेऊन विकली जाते, ती पुष्कळदा अशी चव्हाट्यावरची असते.

लहान कंपनीचे वेगळेपण

हा सारा विचार लहान कंपन्यांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा का? सेबीच्या २०१७ च्या व्याख्येप्रमाणे बाजारमूल्याच्या क्रमाने पहिल्या शंभर कंपन्या मोठ्या, पुढच्या दीडशे मध्यम, आणि २५१ व्या क्रमांकापासून पुढच्या सर्व लहान. मोठ्या कंपनीकडे शेकडो डोळे लागलेले असतात. तिच्या संचालकाला जे माहीत असते त्यातले बरेचसे बाजारालाही माहीत असते. लहान कंपनीकडे पाहणारे कोणी नसते. त्यामुळे घरच्याच्या ज्ञानाला तेथे खरोखरी मोल असते.

हा केवळ तर्क नव्हे. लाकोनिशोक आणि ली या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या १९७५ ते १९९५ या काळातल्या अशा व्यवहारांचा पाहणीवजा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले, की घरच्यांच्या खरेदीवरून पुढच्या भावाचा काही अंदाज बांधता येतो, विक्रीवरून फारसा येत नाही. आणि खरेदीचा हा उपयोगही मुख्यतः लहान कंपन्यांतच होतो. विक्री मुकी असते याचे कारण सहज ध्यानात येते. माणूस शेअर विकतो तो घर बांधायला, मुलीचे लग्न करायला, कर फेडायला किंवा सगळी पुंजी एकाच ठिकाणी नको म्हणून. घेण्याची कारणे त्या मानाने थोडी असतात.

परंतु लहानपणाची दुसरीही बाजू आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एक कोटी शेअरची कंपनी, भाव ऐंशी रुपये. प्रवर्तकांकडे साठ लाख शेअर. बाजारात रोज पाच हजार शेअरांची, म्हणजे चार लाख रुपयांची उलाढाल. प्रवर्तकाने पन्नास हजार शेअर घेतले. खर्च झाला चाळीस लाख. ही रक्कम बाजाराच्या दहा दिवसांच्या संपूर्ण उलाढालीएवढी आहे. भाव वर जाणारच. आता प्रवर्तकाच्या बाजूने पाहा. त्याच्या साठ लाख शेअरांची किंमत होते अठ्ठेचाळीस कोटी. चाळीस लाख म्हणजे त्याचा एक टक्काही नाही. या खरेदीच्या बातमीने भाव पाच टक्के जरी चढला, तरी त्याच्या जुन्या शेअरांची कागदावरची किंमत दोन कोटी चाळीस लाखांनी वाढते. ज्याला आपण विश्वास समजतो तो असा जाहिरातीचा खर्चही असू शकतो. उलट त्याच कंपनीच्या हिशेबखात्याच्या प्रमुखाने, ज्याचा वार्षिक पगार चोवीस लाख आहे, स्वतःचे बारा लाख रुपये घातले, तर ती बातमी आकड्याने लहान आणि अर्थाने मोठी आहे. त्याने सहा महिन्यांचे वेतन पणाला लावले आहे.

खरेदीची इतर कारणे

शेअर स्वस्त वाटतो म्हणून घेणे हे एक कारण झाले. इतरही असतात आणि ती बातमीत लिहिलेली नसतात.

पहिले, सत्तेचे. ज्याचा वाटा तीस-पस्तीस टक्केच आहे त्याला दुसरा कोणी कंपनी बळकावील अशी धास्ती असते. पंचवीस टक्क्यांवर वाटा असलेल्याला, वाटा पंचाहत्तर टक्क्यांच्या आत राहील अशा बेताने, एका आर्थिक वर्षात पाच टक्क्यांपर्यंत मतहक्क जाहीर देकार न देता वाढवता येतात. ही खरेदी भाव महाग असतानाही होते, कारण तिचा हेतू नफा नसून राज्य राखणे हा असतो.

दुसरे, गहाणवटीचे, आणि हे सर्वांत घातक. पुष्कळ प्रवर्तक आपले शेअर सावकाराकडे गहाण टाकून कर्ज काढतात. भाव उतरला की सावकार जादा तारण मागतो, आणि ते न मिळाल्यास गहाण शेअर बाजारात विकून मोकळा होतो. त्यामुळे भाव आणखी कोसळतो. ते टाळण्यासाठी प्रवर्तक स्वतःच थोडे शेअर घेऊन भावाला टेकू देतो. पडक्या भिंतीला लावलेला वासा पाहून घर मजबूत आहे असे समजण्याचाच हा प्रकार. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचे प्रकरण बाहेर आल्यानंतर प्रवर्तकांच्या गहाण शेअरांची माहिती जाहीर करणे सेबीने सक्तीचे केले. म्हणून खरेदीची बातमी वाचणाऱ्याने गहाणाचा आकडा वाचल्याशिवाय राहू नये.

तिसरे, नुसत्या दिखाव्याचे. प्रवर्तकांचा वाटा वाढला असे आकड्यांत दिसते, पण चौकशी केली तर वडिलांचे शेअर मुलाच्या नावावर झालेले असतात, किंवा कंपनीने अधिकाऱ्याला बक्षिसादाखल सवलतीच्या भावाने दिलेले असतात. कधी प्रवर्तकांना 'वॉरंट' दिले जातात. वॉरंट म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. त्यासाठी आरंभी किंमतीच्या निदान चौथा हिस्सा रक्कम भरावी लागते व उरलेली अठरा महिन्यांच्या आत. भाव चढला तर बाकी भरून शेअर घ्यायचे, पडला तर भरलेली रक्कम सोडून द्यायची. हा निर्धार नव्हे, हा इसारा आहे. आणि इसारा दिला म्हणजे खरेदीखत झाले असे कोणी व्यवहारी माणूस समजत नाही.

मग पाहावे काय?

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण शीत भातातले आहे याची खात्री हवी. माझ्या मते काही प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. खरेदी खुल्या बाजारातून, रोख पैशाने झाली का? जाहीर केलेल्या कागदात व्यवहाराचा प्रकार लिहिलेला असतो. घेणारा कोण? कंपनीचा पैसा ज्याच्या नजरेखालून जातो अशा अधिकाऱ्याची खरेदी नामधारी संचालकाच्या खरेदीहून वजनदार. त्याच्या ऐपतीच्या मानाने रक्कम केवढी? एकट्याने घेतले की तिघाचौघांनी, एकमेकांवर अवलंबून नसताना, त्याच सुमारास घेतले? भाव बराच उतरल्यावर घेतले की चढत असताना? ज्या अभ्यासाचा उल्लेख केला त्यातही घरचे लोक बहुधा उतरलेल्या भावात घेतात असे दिसले होते. गहाणाचा आकडा घटतो आहे की वाढतो आहे? आणि शेवटी, याच चालकांनी मागे असे घेतले होते तेव्हा पुढे काय झाले?

या सर्व प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली तरीही काम संपत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कोठून? कंपनीचा ताळेबंद, विक्रीचा पैसा खरोखर हाती येतो की केवळ येणे म्हणून दाखवला जातो, कर्जाचे ओझे, हिशेबतपासनिसाचा शेरा, हे पाहिलेच पाहिजे. घरचा माणूस प्रामाणिक असूनही चुकू शकतो. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली तेव्हा तिच्या शेअरांचा फार मोठा हिस्सा तिच्याच नोकरवर्गाकडे होता. त्यांनी कोणाला फसवले असे नव्हे. त्यांचा स्वतःचाच विश्वास खोटा ठरला. जो माणूस रात्रंदिवस एकाच कारखान्यात राबतो त्याला त्या कारखान्याचे यंत्र न्‌ यंत्र ठाऊक असते, पण त्याच्या धंद्यावर बाहेरून येणारे संकट त्याला कधीकधी सर्वांच्या शेवटी दिसते.

शिवाय एक फरक आपल्या आणि त्यांच्या स्थितीत कायमचा आहे. चालकाचा पैसा बुडाला तरी त्याचा पगार, त्याचे अधिकार, त्याची इतर मालमत्ता शिल्लक असते. निवृत्त शिक्षकाची आयुष्याची कमाई बुडाली तर ती भरून काढायला त्याच्याजवळ वर्षे नसतात. आणि लहान कंपनीच्या शेअरात शिरणे जितके सोपे तितके बाहेर पडणे सोपे नाही. भाव पडू लागला की दिवसचे दिवस गिऱ्हाईक मिळत नाही. तेव्हा एकाच खरेदीकडे पाहून दोघांनी एकच निर्णय घेणे शहाणपणाचे नाही. ज्या पैशावाचून आपल्या घराचे अडणार नाही तेवढाच अशा ठिकाणी घालावा.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला आणि मुंबईच्या शेअरदलालांची संघटना या दोन्हींचा आरंभ १८७५ या एकाच वर्षी झाला. मध्यंतरी शेअरबाजार घराघरांत पोहोचला. तो समजून घेण्याची सवय मात्र तितक्या वेगाने पोहोचली नाही. आतल्या माणसाने आपला व्यवहार चारचौघांत सांगावा, यासाठी १९४८ पासून समित्या नेमल्या गेल्या, कायदे झाले, खटले लढले गेले. त्या सर्व खटाटोपाचे फळ म्हणजे शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर येणारा तो दोन-तीन पानी कागद. दर तिमाहीला प्रसिद्ध होणारा भागधारणेचा तक्ता त्याच्याच शेजारी असतो. पुढच्या वेळी कोणी आपल्या कानाशी लागून 'प्रमोटर घेताहेत' असे सांगितले, तर त्याला एवढेच विचारावे, की कोणी घेतले, किती घेतले, कोणाच्या पैशाने घेतले, आणि त्याचे किती शेअर गहाण आहेत. तो उत्तर देऊ शकला नाही तर घरी जाऊन ते दोन कागद स्वतः वाचावेत, आणि पैसे पाठवायचे की नाही हे त्यानंतर ठरवावे.